रिपोर्टवरच्या त्या एका ओळीबद्दल

अगं, आधी तो मोबाइल बाजूला ठेव. रिपोर्टात ‘आतडी बाहेर दिसतात’ एवढंच वाचून रात्रभर शोधून जे फोटो पाहिलेस ते जन्मलेल्या बाळांचे, ऑपरेशनच्या आधीचे. ते पाहून कुठल्याही आईचा धीर सुटेल. तुझ्या बाळाबद्दल त्यातून काहीही कळत नाही. कळतं ते सोनोग्राफीतून, आणि तेही आपण नेमकं विचारलं तरच.

बाराव्या आठवड्याच्या आत कुणी ‘आतडी बाहेर दिसतात’ म्हटलं असतं, तर मी तुला थांबायला सांगितलं असतं. पोटात जागा अपुरी असते म्हणून प्रत्येकच बाळाची आतडी त्या दिवसांत नाळेच्या मुळाशी उतरतात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत परत आत जातात. यकृत मात्र असं कधी बाहेर येत नाही. तुला आता विसावा आठवडा लागलाय, तेव्हा पोटाच्या भिंतीत दोष आहे हे धरूनच चालू. पण कोणता दोष, हे तुझ्या रिपोर्टात धड लिहिलेलंच नाही. ते लिहून घेतल्याशिवाय कुणाच्याही सल्ल्याला ‘हो’ म्हणू नकोस.

डॉक्टरांना विचार, नाळ कुठे चिकटलीय? आणि बाहेर आलेल्या भागावर पडदा आहे का? नाळ आपल्या जागी, भोक तिच्या शेजारी, बहुतेक वेळा उजवीकडे, आणि आतड्यांची वेटोळी पाण्यात उघडी तरंगताहेत, तर ते गॅस्ट्रोस्कायसिस. बेंबीच्याच जागी पातळ पिशवी, तिच्यात आतडी, कधी यकृतसुद्धा, आणि नाळ त्या पिशवीवरच चिकटलेली, तर ओम्फॅलोसील.

इथेच घरच्यांची फसगत होते. उघडी आतडी पाहून सगळे हबकतात आणि पिशवीत झाकलेली दिसली की सुटकेचा श्वास टाकतात. खरं तर बरेचदा उलटं असतं. गॅस्ट्रोस्कायसिसचं बाळ बहुधा बाकी सगळ्या बाबतीत ठीक असतं, गुणसूत्रांचा दोष क्वचितच निघतो. ओम्फॅलोसीलच्या निम्म्या किंवा त्याहूनही जास्त बाळांत दुसरं काही तरी सापडतं. हृदयाचा दोष, ट्रायसोमी १८ किंवा १३, कधी बेकविथ-वीडमन सिंड्रोम. त्यातही पिशवी लहान आणि आत फक्त आतडी असतील, तर गुणसूत्रांची शंका यकृत असलेल्या मोठ्या पिशवीपेक्षा जास्त घ्यावी लागते. म्हणून ओम्फॅलोसील निघालं तर बाळाच्या हृदयाचा इको आणि गर्भजलाची तपासणी टाळू नकोस. सुईच्या नावाने सासूबाई घाबरतील, त्यांना मी समजावेन.

आणि हो, ग्रहणात भाजी चिरलीस म्हणून हे झालं, असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस. हे दोष गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांतच ठरून जातात. विशीच्या आतल्या आयांमध्ये आणि सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये गॅस्ट्रोस्कायसिस जास्त दिसतो, एवढं माहीत आहे. पण एकेका बाळात तो का झाला हे बहुधा सांगता येत नाही. तुझ्या हातून काहीही चुकलेलं नाही.

गॅस्ट्रोस्कायसिसच असेल तर पुढे वरचेवर सोनोग्राफी लागेल. पोटाच्या आतली आतडी फुगताहेत का, पाणी किती, वाढ कशी, हे पाहायला. फुगलेलं आतडं कुठे तरी बंद असल्याची खूण असू शकते. वजनाचा आकडा कमी आला तर लगेच रडत बसू नकोस, कारण आतडी बाहेर असल्याने पोटाचा घेर लहानच मोजला जातो आणि त्यावरून काढलेलं वजनही कमी येतं. शेवटच्या दोन महिन्यांत मात्र बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट पाहायची नाही, तडक दवाखाना गाठायचा.

माझा सगळ्यात मोठा आग्रह आहे तो बाळंतपणाच्या जागेचा. ‘लान्सेट’मध्ये २०२१ साली ७४ देशांतल्या रुग्णालयांचा एक अभ्यास आला होता. गॅस्ट्रोस्कायसिसची बाळं श्रीमंत देशांत शंभरात एक-दोनच दगावली, मध्यम उत्पन्नाच्या देशांत जवळजवळ बत्तीस. दोष तोच, बाळंही तशीच! फरक पडतो तो बाळ सर्जनपर्यंत किती लवकर आणि कोणत्या अवस्थेत पोचतं याने. गार पडलेलं, पाणी कमी झालेलं, जंतुसंसर्ग झालेलं बाळ हाती आलं तर चांगला सर्जनही हतबल होतो. म्हणून तालुक्याला बाळंत होऊन मग अँब्युलन्स शोधायची, असं अजिबात नको. बाळाला न्यायची सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे तुझं पोट. जिथे लहान मुलांचे सर्जन आणि नवजात बाळांचा आयसीयू आहे तिथेच नाव नोंदव. मुंबईत परळला वाडियाचं प्रसूतिगृह आणि मुलांचं रुग्णालय एकाच आवारात आहे, तशी सोय बघ. गॅस्ट्रोस्कायसिससाठी सिझर करावंच लागतं असं नाही. यकृत असलेल्या मोठ्या ओम्फॅलोसीलला मात्र बहुधा करतात.

गर्भ ठेवायचा की नाही, हा विषय घरात निघेलच. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर अशा कारणासाठी चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो, त्यानंतर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. म्हणजे तुझ्या हातात अजून दिवस आहेत. नेमकं निदान आणि सर्जनशी बोलणं, दोन्ही झाल्याशिवाय कुणाला निर्णय घाईने घेऊ देऊ नकोस. आणि जो घेशील तो तुझा आणि भाऊजींचा असू दे, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा नको.

सोमवारी सगळी फाइल, पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीसकट, घेऊन ये. भाऊजींनाही सोबत आण. डॉक्टर बोलतील ते त्यांना लिहून घ्यायला सांगायचं, तू फक्त ऐकायचंस. मी बरोबर असेनच.