पाळण्यात बसण्याआधी

सारंगखेड्याची यात्रा कळसाडीच्या माणसांना नवी नाही. मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, ती सुरू होते. तापीच्या काठी एकमुखी दत्ताचे देऊळ आहे. दर्शनाची मोठी रांग लागते. घोड्यांचा बाजार भरतो. लांबलांबच्या मुलखातून घोडे येतात. दिवस थंडीचे असतात. शेतातला कापूस वेचून झालेला असतो, निदान पहिली वेचणी तरी विकलेली असते. म्हणजे माणसाच्या खिशात चार पैसे असतात.

दर्शन झाले, घोडे पाहून झाले, की पोरे हात ओढू लागतात. "आबा, पाळण्यात बसू या ना!"

आबा तयार होतात. तिकीट काढतात. पण आबांच्या खिशात कापसाचे पैसे आहेत. दुसऱ्या खिशात मोबाईल आहे. आईच्या गळ्यात सोन्याची पोत आहे. हातात पिशवी आहे. पिशवीत नारळ, प्रसाद, पाण्याची बाटली आणि घराची किल्ली आहे. हे सगळे घेऊन पाळण्यात बसायचे का? नाही बसायचे, तर ठेवायचे कुठे?

हा प्रश्न लहान वाटतो. मला तो फार महागात पडणार होता. ती गोष्ट सांगतो.

१९९४ साल होते. मी तेव्हा तरुण मास्तर होतो. चाळीस मुलांना घेऊन एस.टी.ने यात्रेला गेलो. परतीच्या भाड्याचे सगळे पैसे माझ्या कापडी पिशवीत होते. त्याच पिशवीत शाळेच्या दाराचे पितळी कुलूप होते. सकाळी दार उघडले आणि घाईत कुलूप पिशवीतच टाकले. यात्रेत झोके घेणारी मोठी नाव आली होती. मुले म्हणाली, "गुरुजी, तुम्हीपण बसा ना!" मुलांपुढे भित्रा कसा ठरू? बसलो. पिशवी मांडीवर घेतली. पिशवीला नाडी नव्हती.

पहिले दोन-तीन झोके बरे गेले. मग नाव उंच चढली. वरून खाली यायला लागली तशी मांडी एकदम हलकी वाटली. पोटात गोळा आला. आणि पिशवी मांडीवरून आपोआप उठली! मी ती धरली, पण धरली ती उलटी. नोटा उडाल्या, सुटे पैसे उडाले. कुलूपही गेले.

नाव थांबेपर्यंत मी ओरडत होतो. खाली उतरलो. लोक भले होते. त्यांनी नोटा गोळा करून दिल्या. साठ-सत्तर रुपये कमी भरले, ते एका ओळखीच्या दुकानदाराकडून उसने घेतले. पण कुलूप कुठे पडले होते ठाऊक आहे? एक चार-पाच वर्षांचे पोर जिलेबी खात उभे होते. त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर ते मातीत रुतले होते. पोराने ते उचलून माझ्या हातात दिले आणि हसले. मला हसू आले नाही. त्या रात्री झोपही आली नाही.

आता हे असे का होते ते पाहू.

तुम्ही शेतात पाखरे हाकलता. गोफण घेता. गोफणीत दगड ठेवून गरगर फिरवता. फिरत असताना दगड पडत नाही, कारण दोरी त्याला धरून ठेवते. दोरीचे एक टोक सोडले की दगड सुटतो आणि सरळ निघून जातो. जत्रेतला गोल फिरणारा पाळणा म्हणजे मोठी गोफणच समजा. तुम्हाला बाक आणि दांडा धरून ठेवतात. खिशातल्या मोबाईलला कोण धरते? कोणीच नाही. तो निघाला की निघाला.

नावेची गोष्ट थोडी वेगळी. नाव उंच जाऊन खाली येते, तेव्हा बाक खाली जाते आणि आपणही त्याच्याबरोबर खाली जातो. त्या क्षणी आपला भार बाकावर नीट पडत नाही. म्हणून पोटात गोळा येतो. मांडीवरच्या पिशवीचाही भार मांडीवर राहत नाही. जरा धक्का बसला की ती उठते. गाडीरस्त्याच्या उतारावर टेम्पो जोरात निघाला की टपावरचे सैल गाठोडे कसे उडते? तसेच हे.

मोठा आकाशपाळणा हळू फिरतो. त्यातून वस्तू उडत नाही, पण हातातून निसटते. आणि ती पडते ती उंचावरून. दहा मीटर म्हणजे सुमारे ३३ फूट. एवढ्या उंचीवरून पडलेली वस्तू दीड सेकंदाच्या आत जमिनीवर येते. तेव्हा तिचा वेग तासाला सुमारे ५० किलोमीटर असतो. रस्त्यावरून मोटारसायकल जाते तेवढा. त्या वेगाने पाण्याची भरलेली बाटली कोणाच्या डोक्यावर आली तर काय होईल, ते तुम्हीच सांगा.

शहराकडे याहून मोठे खेळ आहेत. मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड नावाची खेळांची बाग सुरू झाली होती. ती २०२२ साली बंद झाली. रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका नावाची बाग सुरू झाली. आपल्याकडच्या शाळांच्या सहली आता तिथवर जातात. तिथे रुळांवरून पळणारी एक गाडी आहे. तिचे नाव नायट्रो. तिचा रूळ सुमारे ४० मीटर उंच चढतो. आपल्या गावातल्या पाण्याच्या टाकीपेक्षा कितीतरी उंच! तिथून गाडी खाली सुटते ती तासाला शंभर किलोमीटरच्या पुढे. वाटेत ती उलटीही होते. बसणाऱ्यांचे पाय अधांतरी लोंबत असतात. सैल चप्पल पायात राहील का? अशा गाडीला रोलर कोस्टर म्हणतात.

अमेरिकेत फ्लोरिडा नावाचे राज्य आहे. तिथल्या एका बागेत अशा दोन गाड्या होत्या. त्या मुद्दाम एकमेकींच्या अगदी जवळून धावत. लोकांना मजा वाटे. २०११ साली एका गाडीत बसलेल्या माणसाच्या डोळ्याला उडालेली वस्तू लागली आणि त्याचा तो डोळा गेला. त्यानंतर दोन्ही गाड्या एका वेळी सोडणे बंद झाले. पुढे त्या बागेत मोठ्या गाड्यांच्या दारात धातू शोधणारे यंत्र लावले. खिशात किल्ली किंवा नाणे असले तरी यंत्र वाजते. ते कपाटात ठेवून या, मगच बसा, असे सांगतात. कोणी रागावते, पण एका माणसाचा डोळा गेल्यावर ही शिस्त आली आहे.

मग सामान ठेवायचे कुठे?

आपल्या यात्रेत सामान ठेवायला कपाटे नसतात. तिथे घरचे माणूस हेच कपाट. सगळ्यांनी एकदम वर जायचे नाही. एकाने खाली थांबायचे. पहिली फेरी संपली की पाळी बदलायची. थांबणाऱ्याने पाळण्याच्या अगदी खाली उभे राहू नये. कठड्यापासून लांब, एखाद्या ओळखीच्या दुकानाजवळ बसावे. पिशव्या मोजून घ्याव्यात आणि मोजून द्याव्यात. एक पिशवी पाठीमागे आणि एक बाजूला, असे ठेवू नये. सगळ्या पुढ्यात घ्याव्यात. पिशवीचा बंद हाताला किंवा पायाला अडकवावा. कोणी येऊन म्हणेल, "काका, तुमचे पैसे पडले बघा." तेव्हा आधी पिशवीवर हात ठेवावा, मग खाली बघावे.

पाळणेवाल्याच्या तिकीटखिडकीत पिशवी ठेवू नये. तो वाईट माणूस असतो असे नाही. पण त्याच्यापुढे शंभर माणसे असतात. त्याने कोणाकोणाची पिशवी ओळखायची?

मोठ्या बागेत भाड्याची कपाटे असतात. त्यांना लॉकर म्हणतात. भाडे देताना पावती घ्यावी. अनामत घेतली असेल तर ती किती, हे पावतीवर वाचावे. कपाटावरचा आकडा आणि किल्लीवरचा आकडा एकच आहे ना, ते बघावे. दार लावल्यावर एकदा ओढून बघावे. बरेच जण इथेच चुकतात. किल्ली फिरवतात, पण दार लागलेलेच नसते. किल्लीला मनगटात घालायचा पट्टा असेल तर तो घालावा. नसेल तर किल्ली आतल्या खिशात घालून वर पिन लावावी. तीच किल्ली उडाली तर सगळाच घोटाळा.

तिथे एक पाटी लावलेली असते. तुम्ही आता वाचायला शिकला आहात, तर ती जरूर वाचा. बहुतेक असे लिहिलेले असते: "मौल्यवान वस्तूंची जबाबदारी व्यवस्थापनाची नाही." शब्द अवघड आहेत. मौल्यवान म्हणजे किमती. व्यवस्थापन म्हणजे बाग चालवणारे. म्हणजे पाटी काय सांगते? "तुमचे सोने गेले तर आम्हाला विचारू नका." पूर्वी आपण अशा पाटीखालून नुसते जात होतो. तिथे चित्रे असतात तीही बघा. चष्म्यावर काट, टोपीवर काट, मोबाईलवर काट. म्हणजे या वस्तू घेऊन बसायचे नाही.

आणि जे अंगावरच राहणार त्याचे काय?

आपली म्हातारी माणसे बैलबाजाराला जात तेव्हा कमरेला कसा बांधत. कसा म्हणजे कापडाची लांब पिशवी. पैसे आत, गाठ पुढे आणि वरून सदरा. बायका कनवटीला पैसे लावत. मला विचाराल तर कशासारखी सोय अजून निघालेली नाही. शहरातही आता कमरेचा पट्टा विकतात. तो कसाच आहे, फक्त त्याला साखळी असते आणि किंमत जास्त असते. बंडीचा चोरखिसाही चांगला, पण त्याला गुंडी हवी. पँटच्या मागच्या खिशात मात्र काही ठेवू नये. तो खिसा चोराचा असतो. बैल किंवा घोडा घ्यायचा असेल तर आधी सौदा पुरा करावा, मग पाळण्याकडे वळावे.

बायकांनी यात्रेला जाताना सोन्याची पोत घरी ठेवावी आणि काळ्या मण्यांची साधी पोत घालावी. कोणी म्हणेल, "चारचौघांत गळा रिकामा दिसतो." दिसू दे. सोने घातलेच असेल तर पोत पोलक्याच्या आत घ्यावी आणि पिन लावावी.

पदराची गोष्ट सोन्याहून मोठी आहे. सुटा पदर, ओढणी, उपरणे, मफलर किंवा मोकळी वेणी फिरत्या यंत्रात अडकली तर गळ्याला फास बसतो. पदर कमरेला घट्ट खोचावा. ओढणी काढून खाली द्यावी. वेणी बांधून आत घ्यावी. इथे आळस करू नका. पोत गेली तर पुन्हा करता येते.

चष्मा खाली द्यावा. कवळी लावणाऱ्यांनी जोरात ओरडू नये, किंवा तीही खाली द्यावी! हसू नका, मीही आता त्यांच्यात आहे.

एवढे करूनही वस्तू गेली तर? पाळणा चालू असताना खाली वाकू नये, कठड्याच्या आत शिरू नये. यंत्र थांबल्यावर चालकाला सांगावे. चोरी झाली असेल तर यात्रेतल्या पोलीस चौकीत जावे किंवा ११२ या नंबरवर फोन करावा. तक्रार लिहून घेतल्यावर तिची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्यावी आणि सही करण्याआधी वाचावी. मोबाईल गेला असेल तर सिमकार्ड लगेच बंद करायला सांगावे. मोबाईलमधून पैसे देत असाल तर बँकेलाही कळवावे. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर सांगावे. प्रत्येक मोबाईलला १५ आकडी क्रमांक असतो. *#०६# दाबले की तो दिसतो. तो घरच्या वहीत लिहून ठेवा. सरकारच्या संचार साथी या सोयीतून हरवलेला मोबाईल बंद करता येतो, तेव्हा हाच क्रमांक लागतो.

आता एक चिठ्ठी लिहू. यात्रेला निघण्याआधी ती पिशवीच्या आत घालायची. पाटीवर किंवा वहीत लिहून बघा:

"ही पिशवी सापडल्यास कृपया कळवावे. गाव कळसाडी, जिल्हा नंदुरबार. फोन नंबर ..."

कोणाचा नंबर लिहाल? गेल्या वर्षी आमच्या वर्गात एका ताईने स्वतःचा नंबर लिहिला. दुसरी ताई म्हणाली, "अगं, तुझा मोबाईल तर त्याच पिशवीत आहे ना?" सगळा वर्ग हसला. मग तिने खोडून घरी राहणाऱ्या सासूबाईंचा नंबर लिहिला.

त्याच वर्षी आम्ही घरचे सारंगखेड्याला गेलो. पाळण्यापाशी आल्यावर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "दर वेळी मीच खाली पिशव्या राखत बसते. आज तुम्ही बसा." त्यांनी पदर खोचला, चष्मा माझ्या हातात दिला आणि नातवाचा हात धरून चढल्या. मी सात पिशव्या पुढ्यात घेऊन चहाच्या दुकानाशी बसलो. पाळणा वर गेला तसा त्यांचा आवाज ऐकू आला, "अहो, सात आहेत, सात! मोजा!"