ग्रंथालय आणि संगणक : दोन विद्यांचा संगम

माहिती साठविणे आणि ती हवी तेव्हा हाती येणे, या दोन भिन्न गोष्टी होत. पहिले काम संगणक सहज करतो; दुसऱ्यासाठी ग्रंथालयशास्त्राची शिस्त लागते. म्हणूनच माहितीच्या क्षेत्रात पाऊल टाकू इच्छिणाऱ्या तरुणांनी या दोन्ही विद्यांचा एकत्र अभ्यास करणे हिताचे आहे.

गणिताकडून ग्रंथांकडे

या संगमाची परंपरा आपल्या देशात जुनी आहे. डॉ. एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली आणि १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली. विषयाचे घटक पाडून चिन्हांनी त्यांची जुळणी करण्याची ही रीत गणिती वळणाचीच होती. १९६२ मध्ये बंगलोर येथे त्यांनी प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना केली.

मराठीचा प्रश्न

१९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी मराठीतील अनुच्चारित अनुस्वार गेले. जुन्या ग्रंथांवर ‘गांव’, तर नव्या ग्रंथांवर ‘गाव’ असे छापलेले आढळते. वाचकाने ‘गाव’ हा शब्द दिला, की साधी आज्ञावली अक्षरास अक्षर ताडून पाहते आणि जुना ग्रंथ कपाटात असूनही तो नसल्याचे सांगते. आज्ञावली लिहिणाऱ्यास हा दोष सहसा जाणवत नाही. ग्रंथपालास जाणवतो, परंतु दूर करता येत नाही. दोन्ही विद्या जाणणारा मात्र दोन्ही रूपे एकाच नोंदीखाली आणू शकतो. अन्यथा आपले जुने वाङ्‌मय असून नसल्यासारखे होईल.

अभ्यास आणि संधी

कोणत्याही शाखेच्या पदवीधरास ग्रंथालय व माहितीशास्त्राकडे वळता येते. त्याच्या जोडीला माहितीसंचांची रचना, युनिकोड आणि ‘कोहा’सारख्या विनामूल्य ग्रंथालय प्रणालीचा परिचय करून घ्यावा. विद्यापीठे, संशोधन संस्था, अभिलेखागारे व वृत्तपत्रांचे संग्रह येथे अशा व्यक्तींची गरज असते.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला. त्यामुळे बळ मिळालेल्या गावोगावच्या ग्रंथालयांत मोलाचा ठेवा आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना या अभ्यासाची वाट दाखवावी आणि पंचायत सदस्यांनी आपल्या ग्रंथालयाची सूची नीट तयार होईल याकडे लक्ष द्यावे. वाचकाचा वेळ वाचावा, हे रंगनाथन यांचे सूत्र तेव्हाच सार्थ होईल.