दहावी झाली, आता विषय कोणते?

आपल्या सोयगाव तालुक्यात मे संपून जून लागला की कुणाला सवड नसते. कपाशी लावायची, मका पेरायचा, बी-खताला पैसा उभा करायचा. नेमकं त्याच दिवसांत घरातलं पोर म्हणतं, "बाबा, अकरावीचा फॉर्म भरायचा आहे." बाप म्हणतो, "भर की. मला त्यातलं काय कळतं?" मग शेजारचा मित्र जे भरतो तेच हे पोरही भरतं.

वावरात काय लावायचं हे आपण असं ठरवत नाही. जमीन कशी आहे ते पाहतो. विहिरीला पाणी किती दिवस पुरेल ते पाहतो. मग बियाणं आणतो. पेरा चुकला तर एक हंगाम जातो. विषय चुकले तर पोराची दोन-तीन वर्षं जातात. म्हणून हा धडा नीट वाचा. नवे शब्द आले तर थांबा, पुन्हा वाचा.

दहावीपर्यंत सगळ्यांचे विषय जवळजवळ सारखेच असतात. मराठी, हिंदी किंवा संस्कृत, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं. अकरावीला वाटा फुटतात. कला, वाणिज्य आणि विज्ञान या तीन मोठ्या वाटा. यांना शाखा म्हणतात. दहावीनंतर आय.टी.आय. आहे, तंत्रनिकेतनाचा तीन वर्षांचा डिप्लोमाही आहे. डिप्लोमा झालेल्या मुलाला इंजिनिअरिंगच्या पदवीला दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. लवकर कमावण्याची निकड असेल तर ही वाट चांगली. लोक तिला उगाच हलकी समजतात.

आता मुख्य गोष्ट. विद्यापीठाची पदवी घ्यायची तर कॉलेजवाले आधी विचारतात, बारावीला कोणते विषय होते? काही पदव्यांना ठरावीक विषय लागतातच. ते नसतील तर गुण कितीही असोत, अर्ज पुढे जात नाही.

डॉक्टर व्हायचं असेल तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. शिवाय 'नीट' ही परीक्षा द्यावी लागते. इंजिनिअर व्हायचं तर गणित हवं, भौतिकशास्त्र हवं. त्यासाठी राज्याची सी.ई.टी. असते. आपल्याला जवळचं म्हणजे शेतकीचं शिक्षण. परभणीला 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. शेतकीच्या पदवीलाही विज्ञान शाखाच लागते. मात्र तिथे गणित किंवा जीवशास्त्र, दोहोंपैकी एक असलं तरी चालतं. पुष्कळ शेतकऱ्यांना हे ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, शेतीचंच तर शिकायचं, त्याला कोणती शाखा लागते!

विज्ञान शाखा घेतली म्हणजे सगळी दारं उघडली असंही समजू नका. विज्ञानातही निवड आहे. कुणी गणित सोडून भूगोल घेतो, कुणी जीवशास्त्र सोडतो. गणित सोडलं की इंजिनिअरिंग गेलं. जीवशास्त्र सोडलं की डॉक्टरी अवघड झाली. पोराचं मन अजून ठरलं नसेल आणि अभ्यासाची ताकद असेल, तर दोन्ही विषय ठेवावेत. ओझं जास्त होतं हे खरं. पण पंधरा वर्षांच्या पोराला आयुष्याचं काय ते आजच ठरव म्हणणं, हेही ओझंच आहे.

एका मुलीची गोष्ट सांगतो. तिला नर्स व्हायचं होतं. आजीच्या आजारपणात तिने दवाखाना जवळून पाहिला होता, तेव्हापासून तिच्या मनात हे होतं. पण मैत्रिणी कला शाखेत गेल्या, ही पण गेली. गावातून एस.टी.ने सगळ्या एकत्र जातील, म्हणून घरच्यांनाही बरं वाटलं. बारावीला चांगले गुण पडले. मग चौकशी केली तर कळलं, बी.एस्सी. नर्सिंगच्या पदवीला बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागतं. घरात सगळे गप्प बसले. आई म्हणाली, "दोन वर्षं रोज सकाळी डबा करून दिला, कुणी एका शब्दानं सांगितलं नाही." पुढे ती जी.एन.एम.ला गेली. हा नर्सिंगचा डिप्लोमा आहे, तो कला शाखेच्या मुलींनाही करता येतो. त्यानंतर दोन वर्षं आणखी शिकून पदवीही घेता येते. म्हणजे ती पोहोचेल, पण लांबच्या रस्त्याने. फॉर्म भरायच्या आधी एकदा विचारलं असतं तर हा वळसा पडला नसता.

दुसरी एक गोष्ट गुणपत्रिकेची. दहावीला सहा विषय, प्रत्येकी 100 गुणांचे. पण टक्के काढताना सर्वांत चांगले पाच विषय धरतात. समजा, एका मुलाला पाच विषयांत 88, 84, 80, 78 आणि 70 गुण पडले. बेरीज 400. पाचशेपैकी चारशे, म्हणजे 80 टक्के. घरात पेढे वाटले. पण सहावा विषय गणित होता आणि त्यात 41 गुण होते. ते टक्क्यांत दिसलेच नाहीत. हा मुलगा गणित घेऊन विज्ञानाला गेला तर त्याला जड जाणार. टक्के विचारू नका, कागद हातात घ्या आणि एकेक विषयाचे गुण वाचा. आता तुम्हाला वाचता येतं.

एस.टी. स्टँडवर शिकवणी वर्गांचे मोठे फलक लागतात. त्यावर हसऱ्या मुलांचे फोटो असतात. जी मुलं मध्येच सोडून गेली त्यांचे फोटो कुणी लावत नाही.

कला शाखेला कमी लेखू नका. स्पर्धा परीक्षा देऊन तहसीलदार व्हायचं, तर कोणत्याही शाखेची पदवी चालते. वकिलीचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेतून बारावी झाल्यावर करता येतो. प्राथमिक शिक्षकाच्या डी.एल.एड.लाही कोणतीही शाखा चालते. आणि आपल्या तालुक्यातच अजिंठ्याची लेणी आहेत. फर्दापूरला उतरून जगभरातले लोक तिथे येतात. लेण्यांतले लेख ब्राह्मी लिपीत आहेत, भाषा प्राकृत आणि संस्कृत. ते ज्यांनी वाचले ते भाषेच्या आणि इतिहासाच्या अभ्यासातूनच पुढे आलेले होते. आपल्या तालुक्यातली पोरं हे विषय का शिकत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

वाणिज्य शाखेतही एक खाच आहे. तिथे गणित सक्तीचं नसतं, त्याऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती हा विषय घेता येतो. मुलं सोपं म्हणून तोच घेतात. पुढे हिशेबाच्या वरच्या परीक्षा द्यायच्या असतील तर गणित घेतलेलं बरं.

विषयाचं दार माणसाने माणसाला बंद केल्याचंही उदाहरण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होते. त्यांना संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य म्हणून ते शिकवायला नकार मिळाला. नाइलाजाने त्यांनी फारसी घेतली. 1907 साली ते मॅट्रिक झाले. 1913 साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या कष्टाने मिळवलं. 1950 साली त्यांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच मिलिंद महाविद्यालय. त्या वेळी मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे बघावं लागे. आपलं विद्यापीठ 1958 साली झालं. 1994 साली त्याला बाबासाहेबांचं नाव मिळालं. आज जातीवरून कुणी विषय नाकारला तर तो कायद्याने गुन्हेगार ठरेल.

आता फॉर्मबद्दल. 2025-26 या वर्षापासून साऱ्या राज्यात अकरावीचा प्रवेश संगणकावरून होतो. फॉर्ममध्ये कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमाने भरायची असतात. एक तरी भरावं लागतं, जास्तीत जास्त दहा. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांत नाव येत नाही. म्हणून पहिलं नाव विचार करून घाला. आपल्याला जिल्ह्याच्या गावापेक्षा जळगाव जवळ पडतं. तेव्हा जाण्यायेण्याचा आणि खोलीचा हिशेब आधी मांडा. फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात पोराला एकटं पाठवू नका. शाखा आणि विषय तुम्ही स्वतः पडद्यावर वाचा, मगच पुढचं बटण दाबू द्या. आणखी एक विचारा: त्या कॉलेजात विज्ञानाचे शिक्षक रोज येतात का, प्रयोगशाळा चालू असते का? वर्गाला कुलूप असेल तर विषय कागदावर असून उपयोग नाही.

मुलींच्या आईबापांनी हेही ध्यानात ठेवावं. 2024-25 पासून सरकारने व्यावसायिक पदव्यांसाठी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ केली आहे. आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना ही सवलत आहे. घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. खोली आणि खानावळीचा खर्च मात्र आपला आपल्यालाच. जातीच्या दाखल्याची पडताळणी व्हायला महिनोन् महिने लागतात. तो अर्ज अकरावी-बारावीतच करून ठेवा. निकाल लागल्यावर धावपळ केली तर हातातली जागा जाते.

घरी करण्याचं काम

1. घरातल्या मुलाची किंवा मुलीची गुणपत्रिका काढा. सहाही विषयांचे गुण मोठ्याने वाचा. सर्वांत कमी गुण कशात आहेत?

2. मुलाला विचारा, "तुला काय व्हायचं आहे?" त्याने सांगितलेलं वहीत लिहा. त्याच्यापुढे त्याला लागणारे विषय लिहा. ठाऊक नसतील तर शाळेत जाऊन विचारा.

3. हे शब्द लिहून काढा: शाखा, पदवी, गणित, जीवशास्त्र, पसंतीक्रम.