डॉक्टर चेन्नईत, गोळ्या गावात

प्रश्न : माझ्या चुलतभावाला कुणी नसताना आवाज ऐकू येतात, रात्र-रात्र झोप नाही. तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नाहीत. जिल्ह्याला न्यायचं म्हटलं की तो गाडीतच बसत नाही. डॉक्टर मोबाइलवरून तपासतात म्हणे. एवढ्या आजारात त्याचा उपयोग होतो का?
– एक वाचक, जि. गडचिरोली

उत्तर : होतो, पण नुसत्या मोबाइलनं भागत नाही. चेन्नईच्या ‘स्कार्फ’ संस्थेनं २०१० साली तमिळनाडूच्या पुदुकोट्टै जिल्ह्यात एक बस सुरू केली. बसमध्ये एक छोटी खोली. तिथे रुग्ण आणि घरचे बसायचे, समोरच्या पडद्यावर चेन्नईतले डॉक्टर बोलायचे. त्याच बसमध्ये औषधांचा कप्पा. डॉक्टरांनी तिकडून औषध सांगितलं की गोळ्या तिथल्या तिथे, फुकट हातात पडायच्या.

मला पडद्यापेक्षा तो कप्पा मोलाचा वाटतो. या आजाराच्या गोळ्या बहुधा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात. दर खेपेला मजुरी बुडवून शहर गाठायचं, तर बरं वाटू लागताच गोळ्या सुटतात आणि आजार उलटतो. म्हणूनच संस्थेनं गावपातळीवर कार्यकर्तेही नेमले होते.

तुमच्या हाताशी ‘टेलिमानस’ आहे : १४४१६. केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही. भाऊ बोलायला तयार नसेल तर तुम्ही फोन करा. आधी समुपदेशक बोलतात, गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात. त्रास कधीपासून आहे, झोप, जेवण, व्यसन, चालू औषधं, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, हे सगळं सांगा. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार अशी औषधं पहिल्यांदा केवळ फोनवरच्या बोलण्यावरून देता येत नाहीत. निदान व्हिडिओवर तरी डॉक्टरांना रुग्ण दिसावा लागतो. त्यासाठी भावाला घरातच, ओळखीच्या माणसाजवळ बसवा, बळजबरी नको. गोळ्या जवळ कुठे मिळतील आणि संपल्यावर पुढच्या कोण देईल, हे त्याच फोनवर विचारून घ्या. तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल असं वाटलं, तर मात्र व्हिडिओची वाट न बघता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा.