माणसे सांभाळण्याचा व्यवसाय

बंगळुरूला नोकरीनिमित्त गेलेल्या आपल्या तरुण-तरुणींपैकी पुष्कळजण मनुष्यबळ विभागात आहेत. मुलगी 'एच.आर.'ला आहे एवढे आईवडिलांना ठाऊक असते. ती तेथे नेमके काय करते असे विचारले, तर मुलाखती घेते यापलीकडे सहसा उत्तर मिळत नाही. या क्षेत्रात वरच्या पदापर्यंत चढता येते व वेतनही चांगले मिळते. परंतु वीस-पंचवीस वर्षे काम करून मनाला समाधान लाभावे, यासाठी काय लागते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम या व्यवसायाचे मूळ पाहू. मुंबईच्या गिरण्यांत कामगारभरती जॉबरच्या हाती असे व नोकरी लावण्याबद्दल तो दस्तुरी घेई. 1931 साली व्हिटली आयोगाने आपल्या अहवालात ही सत्ता जॉबरकडून काढून कामगार अधिकाऱ्याकडे सोपवावी, अशी शिफारस केली. पुढे 1936 साली मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी होते व नागपाड्याच्या कामकरी वस्तीत नेबरहुड हाऊस चालवीत असत. कारखान्यांतील कामगार कल्याणाचे अधिकारी घडविण्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे. 1948 च्या कारखाना कायद्याने तर 500 वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. सांगावयाचे ते इतकेच की, हा व्यवसाय संचालकांच्या दिवाणखान्यात जन्मलेला नाही. चाळीच्या शेजारी जन्मला आहे. आजच्या चकचकीत कचेऱ्यांत बसणाऱ्यांना याचा विसर पडतो.

विसर पडल्यास काय होते, हे बंगळुरूच्या पूर्वेस कोलार जिल्ह्यातील नरसापुरा येथे दिसून आले. तेथे विस्ट्रॉन या तैवानी कंपनीच्या कारखान्यात ॲपलचे फोन तयार होत. 12 डिसेंबर 2020 रोजी सकाळी पाळी बदलण्याच्या सुमारास शेकडो कामगारांनी कारखान्यात मोडतोड केली. काचा फुटल्या, वाहने उलथली, शंभरावर माणसांना अटक झाली. हिंसेचे समर्थन कोणीच करू नये. परंतु कर्नाटकाच्या कारखाने खात्याने तपासणी केली तेव्हा पुढे आलेली माहिती आपल्या विषयाच्या विद्यार्थ्याने नीट वाचण्याजोगी आहे. थोडक्या काळात कामगारांची संख्या दहा हजारांवर नेण्यात आली होती. पाळी आठ तासांची होती ती बारा तासांची केली गेली. हजेरी नोंदविणारी यंत्रणा बिघडलेली होती. आणि कामगार कायद्यांचे पुरेसे ज्ञान असलेली माणसे मनुष्यबळ विभागात नव्हती. ऑक्टोबर व नोव्हेंबरचे वेतन काहींना उशिरा मिळाल्याचे ॲपलनेही मान्य केले. विस्ट्रॉनने क्षमा मागितली व भारतातील कामकाज पाहणाऱ्या उपाध्यक्षास पदावरून दूर केले. 2023 मध्ये तो कारखाना टाटा समूहाकडे गेला.

यात गहन असे काय होते? बारा तास राबलेल्या मुलाची हजेरी कमी लागते. तो विचारावयास जातो. बहुतेक भरती ठेकेदारांमार्फत झालेली. अशा ठिकाणी ठेकेदार कंपनीकडे बोट दाखवितो व कंपनी ठेकेदाराकडे. वस्तुतः 1970 च्या ठेका कामगार कायद्यात याचे उत्तर स्पष्ट होते: ठेकेदाराने वेतन थकविले तर ते मूळ मालकाने भरावयाचे. हे कलम ठाऊक असलेला, त्या मुलासमोर बसून त्याच्या पाळ्या मोजणारा एक अधिकारी तेथे हवा होता. त्याहून अधिक, हजेरीचे यंत्र दुरुस्त होईपर्यंत नवी भरती थांबवा, असे वरिष्ठांच्या बैठकीत बोलून दाखविण्याचे धैर्य हवे होते. उत्पादन वाढविण्याची घाई असताना असे बोलणारा माणूस कोणालाच आवडत नाही, याची मला कल्पना आहे. तरीही नेतृत्व म्हणतात ते हेच. पदाच्या नावापुढे 'प्रमुख' लागल्याने ते येत नाही.

मजुराचे वेतन सूर्यास्तापूर्वी द्यावे, अशी आज्ञा अनुवादाच्या 24 व्या अध्यायात आहे. तिच्यामागे धन्याची सोय नाही. मजुराच्या घरची गरज आहे. वेतनपत्रक हा हिशेबखात्याचा कागद आहे असे समजणाऱ्याने तो अध्याय जरूर वाचावा.

या मार्गाने जाऊ इच्छिणाऱ्यांना दोन-तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. शिक्षण टाटा संस्थेत घ्या, जेज्वीट पाद्र्यांनी 1949 साली स्थापिलेल्या जमशेदपूरच्या झेवियर संस्थेत घ्या, वा एखाद्या साध्या महाविद्यालयात घ्या. पण पहिली दोन वर्षे पीण्या किंवा बिडदीसारख्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात काढावीत. होसूर रोडवरील सॉफ्टवेअर कंपन्या पुढेही राहतीलच. दुसरे, कन्नड शिकावे. कामगाराची तक्रार दुभाष्यामार्फत ऐकली तर तिचे अर्धे दुःख वाटेतच सांडते. ओडिशा-झारखंडातून आलेल्यांशी हिंदीत बोलता येईल, परंतु शिवणकामाच्या कारखान्यांत काम करणाऱ्या कितीतरी स्त्रिया केवळ कन्नडच बोलतात. तिसरे, कायदा स्वतः वाचावा; वकिलावर टाकू नये. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत. मासिक वेतन पुढील महिन्याच्या 7 तारखेच्या आत, आणि नोकरी सोडणाऱ्याचा वा काढून टाकलेल्याचा हिशेब कामाच्या दोन दिवसांत द्यावा, असे वेतन संहिता सांगते. कल्याण अधिकाऱ्यासाठी कामगारांची संख्याही आता 500 ऐवजी 250 झाली आहे. म्हणजे या कामाची गरज वाढणारच.

शेवटी मुलाखतीविषयी. उमेदवारानेही प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षी आपल्या विभागाने व्यवस्थापनाला कोणत्या गोष्टीस नकार दिला, असे नम्रपणे विचारून पाहावे. उत्तर येण्यास वेळ लागला तर घाबरू नये. एखादे उदाहरण निघाले, मग ते उपाहारगृहातील जेवणाचे किंवा रात्रपाळीच्या मुलींच्या बसचे का असेना, तर तेथे काम करण्यास हरकत नाही.