चित्राची मागची बाजू

कोल्हापूर,
दि. १२ जानेवारी

चि. रेवास,


वार्षिक प्रदर्शनाची पत्रिका मिळाली. ‘जे. जे.’ स्कूल ऑफ आर्टमधलं तुझं हे शेवटचं वर्ष. परवा फोनवर तू विचारलंस, “मामा, चित्रावर पोट भरेल का?” त्याचं उत्तर घाईत देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय.

तुझा हात तयार आहे. पण चित्र पुरं झालं की दुसरं काम सुरू होतं, आणि ते बहुतेकांना ठेच लागल्यावरच कळतं. मलाही तसंच कळलं. पंचविशीत एका व्यापाऱ्यानं माझ्याकडून गणपतीचं तैलचित्र करून घेतलं. दीड महिना खपलो, ठरलेले पैसे मिळाले. दिवाळीनंतर वाण्याच्या दुकानात तेच चित्र कॅलेंडरवर दिसलं, खालची सही कापलेली. जाब विचारायला गेलो, तर तो म्हणाला, “पैसे दिलेत की!”

वकिलानं मग समजावलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन मुद्दाम काढून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा होतो. सही कापल्याबद्दल मात्र मला भांडता आलं असतं. चित्र आपलं आहे हे सांगण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. स्वतःच्या मनानं काढलेलं चित्र विकलं, तर गिऱ्हाईक कॅनव्हास नेतं. कॉपीराइट आपलाच, हयातभर आणि पुढे ६० वर्षं. तो लेखी दिल्याशिवाय जात नाही. म्हणून काम घरच्या माणसाचं असलं तरी आधी चार ओळी कागदावर घे: काम काय, पैसे किती, आगाऊ किती, छापायचा हक्क कोणाचा.

एक जाड वही कर. प्रत्येक चित्राचं नाव, माध्यम, माप, साल, किंमत, कोणी नेलं, सगळं टिपून ठेव, फोटोही काढ. हेच चित्रामागे लाकडी चौकटीवर पेन्सिलीनं लिही. कॅनव्हासवर नको, शाई पुढे उमटते.

किंमत सांगताना चाचरू नकोस. रंग, कॅनव्हास, फ्रेम, वाहतूक आणि तुझे दिवस, सगळं धर. गॅलरी कुठे तिसरा हिस्सा घेते, कुठे निम्मा. तो धरूनच किंमत ठरव आणि घरी आलेल्यालाही तीच सांग. एकाला स्वस्त दिलं, की दुसऱ्याचा विश्वास जातो.

‘जहांगीर’ आर्ट गॅलरीची तारीख मिळायला वर्षं जातात. अर्ज करून ठेव, पण वाट बघत बसू नकोस. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची, तिच्या वार्षिक प्रदर्शनाला चित्र पाठव. राज्य कला प्रदर्शनही चुकवू नकोस. नाकारलं, तर पुढच्या वर्षी पुन्हा पाठव.

आणि मधल्या काळात पुस्तकांची चित्रं, शिकवण्या, भिंती रंगवणं, जे मिळेल ते मन लावून कर. त्यात कमीपणा नाही. आपल्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले आणि पुढे सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला. फक्त दिवसातले दोन तास स्वतःच्या चित्रासाठी राखून ठेव. ते कोणालाही विकू नकोस.

पोट भरेल, रेवा. सावकाश, पण भरेल. हिशोब ठेवल्यानं चित्रकार लहान होत नाही. पुढचं चित्र काढायला त्याला उसंत मिळते.

प्रदर्शनाला मी येतोय. आधी चित्रं डोळे भरून बघीन, मग एकेक उलटून मागची बाजूही बघीन.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा