बारा महिने एकच खेळ ?



आपल्या मुलानें किंवा मुलीनें एखाद्या खेळांत नांव मिळवावें अशी इच्छा धरणाऱ्या पालकांची संख्या हल्लीं पुष्कळ वाढली आहे, आणि ही गोष्ट इष्टच आहे. खेळ म्हणजे अभ्यासाची चोरी असें ज्या काळीं समजलें जाई, तो काळ मागें पडला. परंतु त्याबरोबरच एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. पांचवी-सहावींतील मूल क्रिकेटच्या किंवा टेनिसच्या वर्गांत दाखल झालें कीं, जून महिन्यांत तेंच, दिवाळींत तेंच आणि मे महिन्याच्या सुटींतहि तेंच, असा त्याचा क्रम सुरू होतो. बाकीचे सर्व खेळ सुटतात. मध्यें महिनाभर थांबण्याची गोष्ट काढली, तर पालक व मूल दोघेंहि घाबरून म्हणतात, "इतर मुलें पुढें जातील !" तेव्हां वाढत्या वयाच्या मुलानें एकच खेळ बारा महिने खेळावा, कीं वर्षांतून कांहीं काळ तो बाजूस ठेवावा, याचा शांतपणें विचार करणें अगत्याचें झालें आहे. प्रस्तुत लेखांत तो करण्याचें योजिलें आहे.

प्रथम एकाच खेळाचा कैवार घेणाऱ्यांचें म्हणणें ऐकूं. ते म्हणतात कीं, कोणतीहि कला अभ्यासानें साध्य होते आणि अभ्यासांत खंड पडला कीं ती गंजते. ते सचिन तेंडुलकर यांचा दाखला देतात. रमाकांत आचरेकर यांच्या हाताखालीं शिवाजी पार्कवर लहान वयांतच त्यांची कसून तयारी झाली, आणि १९८९ सालीं, वयाच्या १६ व्या वर्षीं, ते पहिला कसोटी सामना खेळले. हें सर्व खरें आहे, आणि मेहनतीवांचून कोणी मोठा झाला नाहीं हेंहि खरें आहे. परंतु या युक्तिवादांत दोन गोष्टी न तपासतां गृहीत धरल्या आहेत. एक ही कीं, मुलाचें शरीर कितीहि राबविलें तरी तें सहन करतें. दुसरी ही कीं, जो लवकर पुढें जातो तोच शेवटपर्यंत पुढें राहतो. आपण या दोन्ही गोष्टी क्रमानें तपासून पाहूं.

वाढत्या मुलाचें हाड म्हणजे मोठ्या माणसाच्या हाडाची लहान प्रत नव्हे. लांब हाडांच्या टोकांशीं कूर्चेचा एक पातळ थर असतो आणि हाडाची लांबी तेथेंच वाढत असते. हा थर पक्क्या हाडापेक्षां मऊ असतो. मुलींची उंची सामान्यतः १२ व्या वर्षाच्या सुमारास व मुलांची १४ व्या वर्षाच्या सुमारास सर्वांत झपाट्यानें वाढते. या काळांत हाडें आधीं लांबतात, आणि त्यांत चुन्याचा अंश भरून तीं घट्ट होण्यास मागाहून अवधि लागतो. म्हणजे मूल उंच दिसूं लागलें म्हणून त्याची अधिक परीक्षा पाहण्याचा मोह ज्या वेळीं होतो, नेमक्या त्याच वेळीं त्याचीं हाडें नाजूक असतात.

व्यायामानें शक्ति वाढते असें आपण म्हणतों. पण ती मैदानावर वाढत नसून मैदानावरून घरीं परतल्यावर वाढते. श्रमानें स्नायूंची व हाडांची सूक्ष्म झीज होते. विश्रांतींत व झोपेंत शरीर ती भरून काढतें आणि पहिल्यापेक्षां कांकणभर अधिक बळकट बांधणी करतें. झीज रोजची आणि भरपाई अपुरी, असा जमाखर्च चालला तर दिवाळें निघावयाचेंच. शिवाय एकच खेळ खेळणाऱ्याची झीज शरीराच्या एकाच ठिकाणीं होत राहते. फार धांवणाऱ्या व उड्या मारणाऱ्या मुलांच्या गुडघ्याखालीं जें दुखरें टेंगूळ येतें, त्याचें वर्णन ऑसगूड व श्लॅटर या दोन वैद्यांनीं १९०३ सालींच केलें होतें. विकार जुना आहे. त्या गुडघ्याला वर्षभर उसंतच न देण्याची रीत तेवढी नवी आहे.

आपल्याकडे क्रिकेटचें वेड मोठें, म्हणून त्यांतील द्रुतगति गोलंदाजाचें उदाहरण घेऊं. चेंडू टाकतांना तो एकाच क्षणीं कमरेंत मागें वांकतो, बाजूस झुकतो आणि वळतो. पुढचा पाय जमिनीवर आपटतांच शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्या पायांतून पाठीकडे जातो. हें शेंकडों वेळां घडलें म्हणजे कमरेच्या खालच्या मणक्यांत, बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूस, बारीक चीर पडते. ऑस्ट्रेलियाचे डेनिस लिली यांची पाठ १९७३ सालीं वेस्ट इंडीजच्या दौऱ्यांत अशीच निकामी झाली होती. दीर्घ विश्रांति व पद्धतशीर व्यायाम यांच्या बळावरच ते पुन्हां उभे राहिले. आपल्या जसप्रीत बुमराह यांना २०१९ सालीं हेंच दुखणें जडलें आणि पुढें २०२३ सालीं पाठीवर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. हे दोघेहि पूर्ण वाढलेले पुरुष होते, आणि दुसऱ्याच्या दिमतीला तर उत्तमोत्तम वैद्य होते. मग १२ वर्षांच्या पोरानें सकाळीं शाळेच्या संघासाठीं, सायंकाळीं वर्गांत व रविवारीं क्लबांत गोलंदाजी करावी, आणि त्याच्या चेंडूंची एकत्र मोजदाद कोणीच ठेवूं नये, हें कितपत योग्य आहे ?

अमेरिकेनें हा अनुभव आपल्या अगोदर घेतला आहे. तेथें बेसबॉल नांवाचा चेंडूफळीचा खेळ फार लोकप्रिय आहे. १९७४ सालीं डॉ. फ्रँक जोब यांनीं टॉमी जॉन या प्रौढ, धंदेवाईक चेंडूफेक्याच्या कोपरांतील तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागीं दुसरा स्नायुरज्जु बसविण्याची एक अपूर्व शस्त्रक्रिया केली. थकल्या-भागल्या व्यवसायी खेळाडूचा हात वांचविण्यासाठीं निघालेली ही युक्ति पुढें शाळकरी मुलांवर सर्रास योजावी लागली, कारण तीं मुलें वर्षभर एकच खेळ खेळूं लागलीं होतीं. शेवटीं २०१४ सालीं तेथील बेसबॉलच्या प्रमुख संस्थांनीं मिळून नियम सुचविले. त्यांत लहान वयाच्या मुलांनीं दिवसाला किती चेंडू फेंकावे हें तर आहेच, पण वर्षांतून निदान चार महिने चेंडू फेंकूंच नये असेंहि सांगितलें आहे.

शरीराचें असें, तर मनाचें काय ? टेनिसचा इतिहास या बाबतींत बोलका आहे. अँड्रिया येगर ही मुलगी १९८० सालीं अवघ्या १४ व्या वर्षीं व्यवसायी खेळाडू झाली, विंबल्डनच्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचली, आणि विशीच्या आंतच खांद्याच्या दुखापतीनें तिचा खेळ जवळजवळ संपला. जेनिफर कॅप्रिआती ही १९९० सालीं १४ वर्षेंहि पुरीं झालीं नसतां व्यवसायांत उतरली. १९९२ सालीं बार्सिलोना येथें तिनें ऑलिंपिकचें सुवर्णपदक मिळविलें; परंतु दुसऱ्याच वर्षीं ती इतकी विटून गेली कीं, तिनें खेळच सोडला. १९९४ सालीं स्त्रियांच्या टेनिस संघटनेनें अल्पवयी मुलींनीं वर्षांत किती स्पर्धा खेळाव्या यावर बंधनें घातलीं, त्यास असे प्रसंगच कारण झाले. पुढें हीच कॅप्रिआती परत आली आणि २००१ सालीं तिनें ऑस्ट्रेलियाची व फ्रान्सची अशा दोन्ही अजिंक्यपदांचा मान मिळविला. खंड पडला म्हणून तिची विद्या नाहींशी झाली नाहीं. पण तो खंड वेळेवर व समजुतीनें मिळाला असता, तर तिच्या वांट्याचे पुष्कळ क्लेश वांचले असते.

आतां दुसऱ्या गृहीताकडे वळूं. लवकर पुढें जाणारा शेवटपर्यंत पुढें राहतो काय ? ग्युलिश, मॅकनमारा व हॅम्ब्रिक या तीन संशोधकांनीं २०२१ सालीं सुमारें ६,००० खेळाडूंविषयींचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांना आढळलें तें असें : कुमारवयांतील स्पर्धांत जीं मुलें चमकतात, त्यांनीं आपला खेळ लवकर सुरू केलेला असतो व त्याचाच सराव अधिक केलेला असतो. परंतु प्रौढपणीं जे जगांत अग्रगण्य ठरतात, त्यांचें चित्र नेमकें उलट असतें. ते बालपणीं अनेक खेळ खेळलेले असतात, मुख्य खेळाकडे उशिरां वळलेले असतात आणि आरंभीं त्यांची प्रगतिहि मंद असते. या निष्कर्षाचा अर्थ आम्हां शिक्षकांनीं तर विशेषच ध्यानांत घ्यावा. एकच खेळ बारा महिने घोटून घेतल्यानें चौदा वर्षांखालील ढाल कदाचित् शाळेंत येईल. पण शाळेंत येणारी ती ढाल मुलाच्या पुढील तीस वर्षांतून उसनी घेतलेली असण्याचा संभव आहे.

उदाहरणेंहि दूर शोधावयास नकोत. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणून दिलें. ते पोहणें, धांवणें, कबड्डी, मल्लखांब यांतहि तरबेज होते. मद्रासचे एम्. जे. गोपालन हे १९३४ सालीं भारतातर्फें क्रिकेटचा कसोटी सामना खेळले आणि १९३५ सालीं भारताच्या हॉकी संघांतून न्यूझीलंडला गेले. महेंद्रसिंग धोनी हे रांचीच्या शाळेंत आधीं फुटबॉलचे गोलरक्षक होते. यष्टिरक्षण त्यांच्याकडे नंतर आलें. ऑस्ट्रेलियाच्या एलिस पेरी हिनें क्रिकेट व फुटबॉल या दोन्ही खेळांत आपल्या देशाचें प्रतिनिधित्व वयाच्या १६ व्या वर्षींच केलें. तेंडुलकरांचें उदाहरण यामुळें खोटें ठरत नाहीं. परंतु शिवाजी पार्कवर त्याच तऱ्हेनें राबणारीं मुलें हजारों होतीं आणि तेंडुलकर एकच झाले, हें विसरूं नये. अपवादाच्या मापानें सर्वांचे कपडे बेतूं नयेत. जिम्नॅस्टिक्ससारख्या कांहीं खेळांत आरंभ लवकर करावा लागतो हें मान्य आहे. पण तेथेंहि आंतरराष्ट्रीय संघटनेनें १९९७ पासून प्रौढ स्पर्धांसाठीं किमान १६ वर्षांची मर्यादा घातली.

आपल्या पूर्वजांना हें शहाणपण कोणी पुस्तकांतून शिकविलें नव्हतें. तालमींतील पैलवान केवळ कुस्ती खेळत नसे. जोर, बैठका, मुद्गल आणि मल्लखांब यांनीं तो निरनिराळे अवयव आळीपाळीनें तयार करी. गांवांतील मुलांचे खेळ तर ऋतूच ठरवीत. पावसानें जमीन मऊ झाली कीं हुतूतू, उघडीप पडली कीं आट्यापाट्या व विटीदांडू, संक्रांतीला पतंग, आणि उन्हाळ्यांत विहिरींतील पोहणें. जणूं ऋतु हाच पंच होता, आणि 'आतां हा खेळ पुरे' असें तोच सांगे. मुंबईंत १९४८ सालीं सुरू झालेल्या कांगा लीगनें क्रिकेटला पावसाळ्यांतहि नेलें. आतां छपराखालच्या जाळ्या, कृत्रिम खेळपट्ट्या आणि विजेचे दिवे यांनीं तो पंच पुरताच मैदानाबाहेर काढला आहे. म्हणून त्याचें काम आतां पालकांनीं व शिक्षकांनीं केलें पाहिजे.

तें कसें करावें ? अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१६ सालीं दिलेला सल्ला सोपा व आचरणांत आणण्याजोगा आहे. आठवड्यांतून एक किंवा दोन दिवस आवडीच्या खेळाला पूर्ण सुटी द्यावी. वर्षांतून एकंदर तीन महिने, एकेक महिन्याच्या हप्त्यानें, तो खेळ बाजूस ठेवावा. आणि बहुतेक खेळांत १५-१६ वर्षांचें होईपर्यंत एकाच खेळाला वाहून घेऊं नये. याखेरीज, मुलाचें वय जितक्या वर्षांचें, त्याहून अधिक तास आठवड्यांत त्याला शिस्तीच्या सरावांत गुंतवूं नये, असाहि एक सुटसुटीत नियम तज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे हें सहज बसतें. पावसाळ्यांत कबड्डी, खो-खो, फुटबॉल किंवा मल्लखांब. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत क्रिकेट, हॉकी व धांवण्याच्या शर्यती. परीक्षेच्या दिवसांत केवळ चालणें व हलका व्यायाम. आणि सुटींत पोहणें. जें दुखणें विश्रांतीनंतरहि त्याच जागीं पुन्हां पुन्हां उद्भवतें, तें लपवूं नये, वैद्यास दाखवावें.

येथें एक खुलासा अवश्य आहे. खेळाला विसावा म्हणजे शरीराला आळस नव्हे. मोबाइल घेऊन कोपऱ्यांत पडून राहणें याला विश्रांति म्हणतां येत नाहीं. थकलेला अवयव बदलावा आणि कंटाळलेलें मन ताजें करावें, एवढाच त्याचा अर्थ. शेतकरी एका रानांत तेंच पीक सालोसाल घेत नाहीं, त्यांत जमिनीवर उपकार करण्याचा हेतु नसून पुढच्या पिकाची काळजी असते.

विद्यार्थ्यांनो, आवडता खेळ महिनाभर दूर ठेवणें तुम्हांस जड जाईल, हें आम्ही जाणतों. पण त्या महिन्यानंतर बॅट किंवा चेंडू हातांत घेतांना जर तुम्हांस पहिल्या दिवसासारखी हौस वाटली, तर तुमचें कांहींहि बुडालें नाहीं असें समजा. आणि पालकांनो, सोळाव्या वर्षीं मूल कोणत्या संघांत आहे यापेक्षां तिसाव्या वर्षीं तें आनंदानें व निरोगी शरीरानें मैदानावर उतरत आहे काय, याकडे आपली दृष्टि असूं द्या. ज्याला तोपर्यंत खेळावयाचें आहे, त्यानें मधून मधून थांबण्याची कला लहानपणींच शिकली पाहिजे.